लहर, भाव आणि तार

शब्दांच्या साहाय्यानें मनुष्य आपलें सुखदुःख दुसऱ्यास सांगतो, यांत नवल कांहींच नाहीं. परंतु ज्या वाद्यास शब्द मुळींच ठाऊक नाहींत, तें वाद्य ऐकतांना श्रोत्याच्या डोळ्यांत पाणी कां उभें राहावें, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. अभंगांत देवाचें नांव असतें, ओवींत सासरमाहेर असतें, नाट्यपदांत नायिकेची अवस्था शब्दांनींच सांगितलेली असते. सतारीच्या एका मींडींत मात्र कोणाचें नांव नाहीं, गांव नाहीं, कीं कथा नाहीं. तरीहि ती मींड ऐकून घरांतील वृद्ध आजोबांस कोणाची तरी आठवण होते, आणि कॉलेजांत जाणाऱ्या नातीसहि कोणाची तरी आठवण होते. आठवणी वेगळ्या, परंतु हुरहूर एकच. हें कसें घडतें?

याच प्रश्नाची दुसरी बाजू वाजविणाऱ्याकडची आहे. आजच्या तरुणाच्या पाठीवर गिटारीची पिशवी दिसते. ती केवळ मुंबई-पुण्यासच नव्हे, तर तालुक्याच्या गांवींहि दिसते. त्यास वडील मंडळींनीं कांहीं वाजवावयास सांगितलें, तर पुष्कळदां उत्तर मिळतें, "आज मूड नाहीं." वडिलांस हें उत्तर उद्धटपणाचें वाटतें. ज्यांनीं आयुष्यभर नेमानें पहाटे उठून अध्ययन केलें, कचेरी सांभाळली, दहा माणसांचें घर चालविलें, त्यांस कोणतेंहि काम लहरीवर अवलंबून असावें हें पटत नाहीं. उलट मुलास वाटतें कीं, यांस संगीतांतलें काय कळतें! दोघांचेंहि म्हणणें अर्धें खरें आहे. उरलेलें अर्धें शोधावें, एवढ्यासाठींच हा लेख आहे.

सातपुड्यांतील ढोल, पावरी आणि पावा

गिटारीकडे वळण्यापूर्वीं, भावना आणि वाद्य यांचें नातें जेथें अजून उघडपणें दिसतें अशा एका प्रदेशाकडे दृष्टि टाकूं. आपल्या महाराष्ट्राच्या अगदीं वायव्य टोंकास नंदुरबार जिल्हा आहे. १ जुलै १९९८ रोजीं तो धुळें जिल्ह्यांतून वेगळा करण्यांत आला. उत्तर सीमेवर नर्मदा, दक्षिणेकडील सपाटींतून तापी, आणि या दोहोंच्या मध्यें सातपुड्याच्या रांगा अशी त्याची रचना आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणें येथील लोकवस्तीपैकीं सुमारें ६९ टक्के लोक आदिवासी आहेत. भिल्ल, पावरा, कोकणी, मावची हे त्यांतील प्रमुख समाज होत.

या डोंगराळ मुलखांत वर्षाचा मोठा सण म्हणजे होळी. ऊसतोडीसाठीं वा इतर मजुरीसाठीं गुजरातेंत आणि दूरदूरच्या जिल्ह्यांत गेलेलीं कुटुंबें होळीकरितां गांवीं परत येतात. होळीपूर्वींच्या आठवड्यांत ठिकठिकाणीं भोंगऱ्या बाजार भरतात. अक्कलकुवा तालुक्यांतील काठी येथील राजवाडी होळी तर दूरवर प्रसिद्ध आहे. तेथें रात्रभर नाच चालतो आणि होळी पेटते ती पहाटे. मोरपिसांचे टोप डोक्यावर चढविलेले, कमरेस घुंगरू आणि भोपळे बांधलेले नर्तक, आणि त्यांच्यामध्यें भलेमोठे ढोल, असा तो थाट असतो.

या ढोलवाल्यास "आज तुझी वृत्ति कशी काय आहे?" असें कोणी विचारीत नाहीं, आणि विचारलें, तर त्यास प्रश्नच कळावयाचा नाहीं. महिनोन् महिने परक्या शेतांत राबून परत आलेल्या माणसास घरच्या माणसांत मिसळावयाचें असतें, आणि त्याच्या पायांना तें सांगण्याचें काम ढोल करतो. येथें वृत्तींतून वाद्य निघत नाहीं. वाद्यांतून वृत्ति निघते. थकलेला, कोणावर रुसलेला, कर्जाच्या काळजींत असलेला, असे सर्वजण एकाच ठेक्यावर आले कीं, कांहीं वेळानें त्यांचा श्वासहि एका लयींत चालूं लागतो. लय ही शरीराला आधीं कळते आणि मनाला मागाहून कळते, हें तत्त्व येथें डोळ्यांनीं पाहावयास मिळतें.

ढोलाहून निराळें वाद्य म्हणजे पावरी. नवापूरच्या बाजूस, आणि तेथून पुढें साक्री व डांगच्या भागांत, कोकणी व भिल्ल समाजांत ही वाजविली जाते. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि शेवटीं शिंगासारखें पसरट तोंड, एवढ्यांतून ती तयार होते. वाजविणारा गाल फुगवून त्यांत हवा सांठवितो आणि नाकानें श्वास घेत राहतो. त्यामुळें तिचा सूर मध्यें तुटत नाहीं. मार्गशीर्षांत डोंगऱ्यादेवाचा उत्सव होतो, त्यांत या न तुटणाऱ्या सुरामागें व्रतस्थ मंडळी नाचतात आणि नाचतां नाचतां कांहींच्या अंगांत वारें येतें. वाजविणारा स्वतः मात्र त्या वेळीं शुद्धीवर असावा लागतो. तोहि भान विसरला, तर सूर थांबेल आणि सर्वांचाच नाच मोडेल. ज्याच्या वाद्यानें इतरांचें भान हरपावयाचें, त्याचें स्वतःचें भान शाबूत पाहिजे, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. पुढें तिची आपणांस गरज लागणार आहे.

आणि तिसरें वाद्य म्हणजे पावा. तो उत्सवाचा नव्हे, एकांताचा. डोंगरउतारावर गुरें राखीत बसलेला एकटा मनुष्य पावा वाजवितो तेव्हां त्याच्यापुढें नाचणारें कोणी नसतें आणि ऐकणारेंहि बहुधा नसतें. येथें मात्र प्रवाह उलटा वाहतो. मनांतलें बाहेर येतें. सातपुड्यांतील ढोल आणि सातपुड्यांतील पावा यांच्यामध्यें वाद्यसंगीताचा सारा प्रश्न सामावलेला आहे: बाहेरून आंत, कीं आंतून बाहेर?

लहर निराळी, भाव निराळा

या प्रश्नाचा विचार आपल्याकडे फार पूर्वींपासून झालेला आहे. भरताच्या नाट्यशास्त्रांत मनाच्या अवस्थांचे दोन मुख्य वर्ग केलेले आहेत. रति, शोक, उत्साह, भय असे आठ स्थायी भाव. आणि चिंता, हर्ष, आवेग, ग्लानि, औत्सुक्य असे तेहतीस व्यभिचारी भाव. पहिले मनांत मुरून राहतात, दुसरे येतात आणि जातात. आज आपण ज्यास मूड म्हणतों, आणि आपल्या आजीबाई ज्यास लहर म्हणत असत, तो हा दुसरा वर्ग होय. समुद्राच्या लाटेप्रमाणें लहर उठते व विरते. परंतु लाट उठण्यास खालीं पाणी असावें लागतें. तें पाणी म्हणजे स्थायी भाव.

या शास्त्राचा पुढें विस्तार करणाऱ्या आचार्यांनीं आणखी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. स्वतःच्या घरांतलें दुःख हा रस नव्हे. तें दुःख जेव्हां "माझें" राहत नाहीं आणि "कोणाचेंहि" होतें, तेव्हांच त्याचा रस होतो. यासच साधारणीकरण असें नांव आहे. लग्नाच्या मांडवांत सनई वाजविणाऱ्याचें उदाहरण घ्या. त्याच्या घरीं कोणी आजारी असेल, बिदागी मिळेल कीं नाहीं याची त्यास विवंचना असेल. तरीहि वधूच्या पाठवणीच्या वेळीं त्याच्या सनईनें साऱ्या मांडवाचा कंठ दाटून येतो. तो आपलें दुःख वाजवीत नसतो. त्यानें आजवर पाहिलेल्या शेंकडों पाठवण्यांचें सार त्या सुरांत उतरलेलें असतें.

मग हा भाव स्वरांत नेमका कोठें असतो? भरतानें स्वरांचीच रसांवर वांटणी केली होती. मध्यम-पंचम हास्य-शृंगारास, षड्ज-ऋषभ वीर, रौद्र व अद्भुतास, गांधार-निषाद करुणास आणि धैवत बीभत्स व भयानकास, अशी ती व्यवस्था होती. परंतु आजच्या रागसंगीताचा अनुभव पाहतां, एकट्या स्वरास स्वतःचा भाव असतो असें म्हणतां येत नाहीं. भूप आणि देशकार हे दोन राग पाहा. दोहोंत सा, रे, ग, प, ध हेच पांच शुद्ध स्वर आहेत. पण भूपांत गांधारावर विसांवा घेतला जातो आणि रात्रीच्या पहिल्या प्रहराची शांतता पसरते; देशकारांत धैवताकडे ओढ असते आणि सकाळचें ऊन पडल्यासारखें वाटतें. मारवा, पूरिया आणि सोहनी यांचेंहि तसेंच आहे. तिघांचे स्वर तेच: कोमल ऋषभ, तीव्र मध्यम, आणि पंचम वर्ज्य. परंतु मारव्यांत षड्जावर येऊन टेंकण्याचें टाळीत जातात, म्हणून तो ऐकतांना दिवेलागणीच्या वेळीं घरीं न परतलेल्या माणसाची वाट पाहावी तशी अस्वस्थता वाटते; पूरिया मंद्र सप्तकांत गंभीरपणें बसतो; आणि सोहनी तार षड्जाभोंवतीं चपळपणें खेळतो. शब्द तेच, पण बोलण्याची तऱ्हा निराळी. एकाच घरांतील तीन भावांचा चेहरा एक आणि स्वभाव तीन असावेत, तसेंच हें आहे.

यावरून असें दिसतें कीं, भाव स्वरांत नसून स्वरांच्या चालण्यांत आहे: कोठें थांबावें, कोठें टाळावें, एका स्वरावरून दुसऱ्यावर कसें जावें, यांत आहे. आणि नेमक्या याच ठिकाणीं गिटारीची खरी परीक्षा होती.

परक्या वाद्याची अडचण

परदेशी वाद्यें आपल्या संगीतांत पूर्वींपासून आलीं आहेत. कांहींचें स्वागत झालें, कांहींची अडवणूक झाली. व्हायोलिनला पडदे नसल्यामुळें त्यावर हवी तशी मींड काढतां येते, म्हणून तें लवकर आपलेंसें झालें. गजाननराव जोशी, वि. गो. जोग, दा. के. दातार यांनीं महाराष्ट्रांतून तें पुढें नेलें. दातारांचें व्हायोलिन तर गातें असें रसिक म्हणत. पेटीची कथा निराळी आहे. तिचे स्वर ठरलेले. एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर उडी मारावी लागते, घसरत जातां येत नाहीं. म्हणून १९४० सालीं आकाशवाणीनें पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. अर्थात् गोविंदराव टेंब्यांसारख्या कलावंताच्या बोटांखालीं तीच पेटी किती बोलकी होत असे, हें नाट्यसंगीताच्या रसिकांस सांगावयास नको. बंदी घालणाऱ्यांची तक्रार खोटी नव्हती. पण वाद्याची मर्यादा ही वाजविणाऱ्याची मर्यादा असतेच असें नाहीं, हें त्यांच्या हिशेबांत आलें नाहीं.

गिटारीच्या दोन अडचणी आहेत. पहिली पेटीसारखीच. तिच्या मानेवर धातूचे पडदे पक्के बसविलेले असतात आणि सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात. प्रत्येक पडद्यावर स्वराची कंपनसंख्या मागच्या पडद्याहून सुमारें ६ टक्क्यांनीं वाढते. मधली जागा वाजविणाऱ्याच्या हातीं फारशी उरत नाहीं. आतां दरबारी कानड्याचा गांधार घ्या. तो साध्या कोमल गांधाराहूनहि उतरलेला, आणि जागेवर न थांबतां झोके घेणारा. त्या झोक्यांतच दरबारीचें गांभीर्य आहे. तो गांधार पडद्याच्या चौकटींत कसा मावावा? दुसरी अडचण अशी कीं, छेडलेल्या तारेचा स्वर क्षणांत विरूं लागतो. गवई एका श्वासांत स्वर लांबवितो, सारंगी गजानें तो धरून ठेवते. गिटारीचा स्वर मात्र जन्मतांच मरावयास लागतो.

या दुसऱ्या अडचणीवर स्पेनमध्यें एक उपाय निघाला. फ्रान्सिस्को तारेगा या वादकानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ग्रानाडा येथील अलहंब्रा राजवाड्याच्या स्मरणार्थ एक प्रसिद्ध रचना केली. तींत अंगठा खालचे स्वर वाजवीत असतां उरलेलीं तीन बोटें एकच स्वर इतक्या त्वरेनें पुन्हां पुन्हां छेडतात कीं, ऐकणाऱ्यास तो अखंड वाटतो. पावसाच्या थेंबांची धार व्हावी तसेंच हें. जुन्या वैभवाच्या आठवणीची कातरता त्या थरथरण्यांत उतरली आहे. येथें भावनेला वाट काढून दिली ती तीन बोटांच्या कसून केलेल्या सरावानें.

पहिल्या अडचणीवरचा उपाय पॅसिफिक महासागरांतील हवाई बेटांवर निघाला. तेथें गिटार आली ती मेक्सिकोंतून आलेल्या गुराख्यांबरोबर. १८८० ते १८९० च्या दरम्यान जोसेफ केकुकू नांवाच्या एका शाळकरी मुलानें धातूचा तुकडा तारांवरून घसरवून पाहिला, असें सांगतात. गिटार मांडीवर आडवी ठेवावयाची, तारा पडद्यांपासून उंच उचलावयाच्या, आणि डाव्या हातांतील पोलादी कांडी तारेवरून सरकवावयाची. पडदे नुसते पाहण्यापुरते उरले. स्वर एका जागेवरून दुसऱ्या जागीं वाहूं लागला. हवाईच्या लोकांस कल्पनाहि नसेल. परंतु त्यांनीं आपल्या विचित्रवीण्याच्या जातीचेंच वाद्य नव्यानें शोधून काढलें होतें.

जोधपुरचे वडील आणि त्यांची अट

ही हवाईयन गिटार विसाव्या शतकांत कलकत्त्यास येऊन पोंचली आणि तेथून देशभर पसरली. बराच काळ तिच्यावर परकीय चाली किंवा सिनेमाचीं गाणींच वाजत. मुंबईच्या चित्रपटसृष्टींत व्हॅन शिप्ले यांनीं तिला लोकप्रिय केलें. पण तिच्यावर राग वाजवावा, आलाप करावा, हें ज्यांनीं मनावर घेतलें, ते ब्रिजभूषण काबरा हे मूळचे जोधपुरचे. १९३७ सालीं त्यांचा जन्म झाला. घर संगीताचें होतें. वडील इनायतखाँ यांच्याकडे सतार शिकलेले, थोरले बंधु दामोदरलाल हे सरोदवादक आणि अलीअकबर खाँ यांचे शिष्य. तरुण ब्रिजभूषण कलकत्त्यास गेले असतां त्यांनीं ही गिटार पाहिली आणि त्यांचें मन तिच्यावर जडलें. तें परकें वाद्य त्यांनीं घरीं आणलें.

आपल्या घरांत असें कांहीं आलें असतें, तर काय झालें असतें, याची कल्पना वाचकांनींच करावी. जोधपुरच्या वडिलांनीं वाद्य फेंकून दिलें नाहीं, आणि "कर तुला काय करायचें तें" असेंहि म्हटलें नाहीं. त्यांनीं एक अट घातली, असें सांगतात: या वाद्यावर वाजवावयाचें असेल, तर शास्त्रोक्त संगीतच वाजवावें लागेल. मुलाची लहर त्यांनीं मोडली नाहीं. तिला वळण लावलें. पुढें काबरा यांनीं अलीअकबर खाँ यांच्याकडे शिक्षण घेतलें आणि गिटारीवर गंभीर, सावकाश चालणारा आलाप उभा केला. पोलादी कांडीनें मींड तर मिळालीच. ती इतकी सहज मिळाली कीं, तिला आवर घालणें हीच खरी साधना ठरली. घसरणें सोपें असतें. नेमक्या श्रुतीवर येऊन थांबणें अवघड असतें.

१९६७ सालीं त्यांची एक ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली, तिचें नांव 'कॉल ऑफ द व्हॅली'. संतूर शिवकुमार शर्मा यांचें, बासरी हरिप्रसाद चौरसिया यांची, गिटार काबरा यांची, आणि तबल्यावर आपले माणिकराव पोपटकर. विषय अगदीं साधा आहे: काश्मीरच्या खोऱ्यांतील एका मेंढपाळाचा एक दिवस. पहाटेचे अहिरभैरव आणि नटभैरव यांपासून आरंभ करून, पिलू, भूप, देस यांतून पुढें सरत, पहाडीपाशीं हा दिवस मावळतो. एकहि शब्द न उच्चारतां एका माणसाच्या मनाच्या अवस्था प्रहरांप्रमाणें बदलत जातात. ज्यांना रागांचीं नांवें ठाऊक नाहींत, अशा देशोदेशींच्या लक्षावधि लोकांस ती आवडली, यांत आश्चर्य नाहीं. सातपुड्याच्या उतारावरचा पावा आणि काश्मीरच्या खोऱ्यांतील ही गिटार यांत मैलांचें अंतर असेल; परंतु एकट्या माणसाचा दिवस उजाडून मावळणें दोहींकडे सारखेंच आहे.

काबरा २०१८ सालीं निवर्तले. त्यांच्यानंतरच्या पिढींत जयपुरचे विश्वमोहन भट्ट यांनीं गिटारीस तरफेच्या तारा जोडून मोहनवीणा तयार केली आणि १९९४ सालीं अमेरिकन वादक राय कूडर यांच्यासह त्यांस ग्रॅमी पारितोषिक मिळालें. मुख्य तार छेडली कीं, तरफेच्या तारा आपोआप झंकारतात. त्यामुळें विरणाऱ्या स्वराच्या मागें एक सावली रेंगाळत राहते. गिटारीच्या दुसऱ्या अडचणीवरहि अशा रीतीनें आपल्या मातींतला तोडगा निघाला.

लहर हातांत कशी उतरते

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. वाजविणाऱ्याच्या मनांतील अवस्था तारेपर्यंत जाते ती कोणत्या मार्गानें? यांत गूढ फारसें नाहीं. मन उद्विग्न असलें कीं, हात जड होतो किंवा घाईनें चालतो. शांत असलें कीं, दोन स्वरांमधली विश्रांति लांबते. तार पुलाजवळ छेडली तर स्वर टोंकदार निघतो, पोकळीवर छेडली तर गोल आणि मऊ निघतो. हाताचा दाब, आघाताचा वेग, स्वरावरचा कंप, आणि मुख्य म्हणजे न वाजविलेली जागा, या चार-पांच गोष्टींतून वृत्ति बाहेर पडते. बोलतांना आवाजावरून आईस मुलाचें दुखणें कळतें, तसेंच हें कळतें.

पण येथेंच एक मेख आहे. ज्याचा हात तयार नाहीं, त्याची लहर तारेपर्यंत पोंचतच नाहीं. नवशिक्याच्या मनांत दुःखाचा डोंगर असला, तरी त्याच्या गिटारींतून निघतो तो केवळ खरखराट. रियाज हा लहरीचा शत्रु नव्हे. तो तिचा रस्ता आहे. सुताराच्या हातांत रंधा बसलेला असतो, म्हणूनच त्याच्या मनांतली आकृति लांकडांत उतरते. म्हणून "आज मूड नाहीं" असें म्हणणाऱ्या तरुणास असें सांगावेंसें वाटतें: ज्या दिवशीं लहर नसेल, त्या दिवशीं पलटे वाजवावेत, स्वर लावावेत, एकाच मींडीवर अर्धा तास बसावें. लहर येईल तेव्हां तिला रिकाम्या हातानें परत जावें लागूं नये, एवढीच ती तयारी.

आणि लहर आली म्हणजेहि काम संपत नाहीं. पावरीवाल्याची गोष्ट येथें आठवावी. दुसऱ्यास बेभान करणारा स्वतः भानावर असतो. जो वादक आपल्याच दुःखांत बुडून जातो, त्याचें वादन ऐकणाऱ्यास परक्या घरांतील भांडण ऐकल्यासारखें वाटतें. संकोच होतो, रस होत नाहीं. दुःख थोडें दूर ठेवून, त्याच्याकडे पाहत पाहत वाजवावें लागतें. असें पाहतां पाहतांच तें हलकें होतें, हा वाजविणाऱ्याचा लाभ. आणि तें दुसऱ्याचेंहि होतें, हा ऐकणाऱ्याचा लाभ.

या कलेस टाळ्यांची गरज असतेच असें नाहीं. मुंबईंत राहणाऱ्या अन्नपूर्णा देवींनीं सुरबहारावर असामान्य प्रभुत्व असूनहि जाहीर मैफली सोडून दिल्या, आणि २०१८ सालीं निधन होईपर्यंतचीं दीर्घ वर्षें घराच्या चार भिंतींत साधना व विद्यादान करण्यांत घालविलीं. हरिप्रसाद चौरसिया, निखिल बॅनर्जी यांसारखे शिष्य त्यांच्याकडे शिकले. दिवाणखान्यांत कोणी ऐकत नसतांना वाजणारें वाद्य वायां जातें असें ज्यांस वाटतें, त्यांनीं या उदाहरणाचा विचार करावा.

एकत्र कुटुंबांतलें वाद्य

आतां हा प्रश्न आपल्या घराच्या उंबरठ्याच्या आंत आणूं. एकत्र कुटुंबाचे गुण पुष्कळ आहेत. पण त्याचा एक स्वभावहि आहे. तेथें मनांतलें सगळेंच बोलून दाखवितां येत नाहीं. धाकट्या जावेस थोरल्या जावेबद्दल, परीक्षेंत नापास झालेल्या मुलास वडिलांजवळ, नोकरी सुटलेल्या भावास भावजयीसमोर बोलतां येत नाहीं. बोललें तर घर दुखावतें, न बोललें तर मन दुखतें. अशा घरांत शब्द नसलेलें वाद्य ही चैन नव्हे, सोय आहे. तें कोणाचें नांव घेत नाहीं, कोणावर आरोप करीत नाहीं. आणि तरीहि बोलावयाचें तें बोलून टाकतें. आपल्या आज्या-पणज्यांनीं जात्यावरच्या ओवींत हेंच केलें. आज जातें गेलें, पण मनें तींच आहेत.

म्हणून वडील मंडळींस दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. घरांतील कोणी मुलगा, मुलगी वा सून वाद्य शिकत असेल, तर त्यांस एक कोपरा आणि एक वेळ ठरवून द्यावी, आणि त्या वेळेंत "हें काय एकच एक वाजवितोस?" असें विचारूं नये, एकच एक वाजविणें हाच रियाज आहे. दुसरी गोष्ट, पाहुणे आले कीं "जरा अमुक गाणें वाजवून दाखव" असा आग्रह धरूं नये. भाजी चिरून दाखव म्हटल्यासारखें तें होतें. अट घालावयाचीच असेल, तर ती जोधपुरच्या वडिलांसारखी घालावी. वाद्य कोणतेंहि चालेल, पण तें मन लावून, गुरूकडून, पायरी-पायरीनें शिकलें पाहिजे. घरांत भूपाळी म्हणणाऱ्या आजीबाई अजून असतील, तर नातवानें त्यांची चाल गिटारीवर बसवून पाहावी. ती मींड कोठें वळते आणि कोठें थांबते हें शोधतां शोधतां त्यास शास्त्र आणि आजी दोन्ही थोडींशीं कळतील.

शेवटचें एक सांगावयाचें आहे, तें अधिक नाजूक आहे. घरांत मृत्यु झाला कीं, सुतकाचे दिवस आपल्याकडे वाद्य वाजवीत नाहींत. वाद्याची शक्ति आपल्या पूर्वजांस ठाऊक होती, असाच त्याचा अर्थ आहे. परंतु ते दिवस संपतात. पाहुणे परत जातात, भांडीं जागेवर लागतात, पुरुष कचेरीस जाऊं लागतात. बायकांस निदान रडण्याची मुभा असते. सतरा-अठरा वर्षांच्या मुलास तीहि नसते. "तूं आतां मोठा झालास" असें सर्वांनींच त्यास सांगून ठेवलेलें असतें. मग एके दिवशीं, संध्याकाळीं, माडीवरून गिटारीचा आवाज येतो. सूर नीट लागलेला नसतो, लय मधूनच तुटते, आणि कोणत्याहि रागाचें नांव त्यास देतां येत नाहीं. अशा वेळीं खालून हांक मारून त्यास चहाला बोलावूं नये, किंवा वर जाऊन पाठीवर हातहि ठेवूं नये. स्वयंपाकघरांतल्यांनीं भांड्यांचा आवाज थोडा कमी करावा, आणि तें वाजणें आपण होऊन संपेपर्यंत ऐकावें.